सणाच्या आदल्या दिवशीची शांतता

पोळा झाला आणि गणपती चार दिवसांवर आले, की बुलढाणा जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका लागतात. ठाणेदार बोलतात, तहसीलदार आले तर तेही बोलतात. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, सरपंच, पोलीस पाटील आणि दोन-चार पत्रकार खुर्च्यांवर बसतात. डीजेचा आवाज, मिरवणुकीचा मार्ग आणि विसर्जनाची वेळ यांवर सूचना होतात. सण उत्साहात आणि शांततेत साजरा करा, असे आवाहन होते. चहा होतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर येतो. ही बैठक हवीच, तिला मी नावे ठेवत नाही. पण तेवढ्यालाच आपण शांततेचे काम समजू लागलो आहोत, आणि ते मला घातक वाटते. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस असे असतात, की त्या दिवशी ना मिरवणूक असते ना बंदोबस्त. गैरसमज त्याच दिवसांत रुजतात आणि त्या दिवसांकडे लक्ष देणे हे कोणाचेच काम नसते.

हा विचार मी धाडसमोर ठेवून मांडतो आहे. धाड हे बुलढाणा तालुक्यातले बाजारपेठेचे गाव, बुलढाण्याहून भोकरदन-जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. एकेकाळी या भागात इंग्रजांच्या ताब्यातले वऱ्हाड संपायचे आणि निजामाचे राज्य सुरू व्हायचे. आज इथे विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो. पैनगंगेचा उगम जवळच मढच्या डोंगरात आहे. सीमेवरच्या गावाला दोन्हीकडच्या माणसांशी व्यवहार करण्याची सवय असते. मका, सोयाबीन, कापूस, मिरची यांच्या खरेदी-विक्रीत कोणी जात-धर्म विचारत बसत नाही. पलीकडे भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार भरतो. तिथे शेतकरी एका धर्माचा, अडत्या दुसऱ्या धर्माचा आणि ट्रकचालक तिसऱ्याच गावचा, हे रोजचे चित्र आहे.

याच धाडमध्ये २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, दोन गट समोरासमोर आले. दगडफेक झाली, वाहने पेटवली गेली, माणसे जखमी झाली. सुरुवात कोणी केली हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि ते मी माझ्याकडे घेत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. ज्या गावात माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना भाऊ आणि चाचा म्हणत आली, त्या गावात एका रात्रीत परस्परांवरचा विश्वास इतका पातळ कसा होतो? आणि तो पुन्हा घट्ट करायचा असेल, तर ते काम कोण, कधी आणि कोणत्या साधनांनी करणार?

माझे उत्तर आहे, जनसंपर्काने. हा शब्द ऐकला की आपल्याला मंत्र्यांचा दौरा, कंपनीची पत्रकार परिषद किंवा चौकातला वाढदिवसाचा बॅनर आठवतो. शांततेला यातले काहीच लागत नाही. खरी माहिती अफवेच्या आधी पोहोचवणे, लोकांचे म्हणणे ऐकून ते वर नेणे आणि एका वस्तीची माहिती दुसऱ्या वस्तीला करून देणे, हे तिला लागते. हे काम रोजचे आहे, कंटाळवाणे आहे आणि त्याचे फोटो निघत नाहीत. म्हणूनच ते होत नाही.

हे काम महाराष्ट्रात एकदा झालेले आहे, त्यामुळे मी स्वप्नातले काही मागत नाही. यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मॅडन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ साली शहर पुन्हा पेटले. भिवंडी म्हणजे दंगल, असे समीकरणच होऊन बसले. अशा शहरात १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. प्रत्येक सणाला ठाण्यात दिसणारी नेहमीची मातब्बर मंडळी त्यांनी पुरेशी मानली नाहीत. त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली, आणि कमिटी चालवण्याची जबाबदारी टाकली बीटवरच्या शिपायावर. मला यातला हा शिपाई सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातो, पण शिपाई त्याच गल्लीतून रोज जातो. नळाला पाणी का येत नाही, कोणाच्या पोराचे कोणाशी भांडण झाले, कोणाच्या दुकानापुढे कचरा टाकला जातो, हे त्याला माहीत असते. कमिटीत चर्चा व्हायची ती बहुतेक अशाच गोष्टींची. हिंदू-मुसलमान ऐक्यावर भाषणे करण्यापेक्षा दोघांनी मिळून एका गटाराचा पाठपुरावा करणे अधिक उपयोगाचे ठरले.

मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत डिसेंबर व जानेवारीत जे घडले, त्यात श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे नऊशे माणसे मारली गेली. मुंबईजवळची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपड्यांनी पुढे या अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचे पुस्तकच लिहिले. त्या शांततेचे सगळे श्रेय एकट्या कमिट्यांना द्यावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारण्यासाठी प्रत्येक गल्लीत एक ओळखीचा माणूस होता, ही गोष्ट नाकारता येत नाही. समोरच्या मोहल्ल्यातही कोणीतरी ओळखीचे होते. त्यामुळे ‘ते लोक’ म्हणताना डोळ्यांसमोर एखादा चेहरा येत होता.

भिवंडीची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण आपण यशाची गोष्ट तेवढी उचलतो आणि तिची निगा विसरतो. जुलै २००६ मध्ये तिथेच, कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना मारले. ज्या शहरात शिपाई हा शांततेचा दूत होता, त्याच शहरात शिपाई मारले गेले. संपर्काची व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी असली आणि ती नियमात, अंदाजपत्रकात, बदलीनंतरच्या कारभारात रुजली नाही, की ती विरते. धाडच्या ठाण्यातही चांगले अधिकारी आले असतील, येतील आणि बदलून जातील. त्यांच्या मागे गावात काय उरते, हा प्रश्न गावानेच विचारायला हवा.

आता अफवेकडे येऊ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार होता. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाईलवर आधीपासून फिरत होतेच. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. २०२४ मध्ये या प्रकरणात सात जणांना जन्मठेप झाली. ज्यांचे प्राण गेले ते महाराष्ट्रातले सर्वांत गरीब, भटके लोक होते. ज्यांनी मारले तेही गरीब आदिवासी होते आणि आपण आपल्या मुलांना वाचवतो आहोत असे त्यांतल्या अनेकांना त्या क्षणी वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रावरची मर्यादा चांगली आहे. पण राईनपाड्यात त्या आधीच्या आठवड्यांत कोणी जबाबदार माणूस लोकांच्या बोलीत बोलला होता का? अशी टोळी नाही, संशय आला तर या माणसाला बोलवा, हात उचलू नका, एवढे सांगायला बाजाराच्या दिवशी एक माणूस आणि एक भोंगा पुरला असता. शासनाचे पत्रक निघाले असेलही, पण ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या वर्तमानपत्रांपर्यंत जाते. राईनपाड्याच्या बाजारात ते कोण वाचणार?

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच चोरांच्या अफवेतून मारले गेले. या क्रूर घटनेला समाजमाध्यमांवर लगेच हिंदू-मुस्लीम रंग चढवला जाऊ लागला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही, हे स्पष्ट सांगितले. राजकीय टीका व्हायची ती झाली. पण एका बाजूला आकांत आणि दुसऱ्या बाजूला अधिकृत मौन असते, तर पुढे काय झाले असते याची कल्पना करा. त्या यादीमुळे राज्यातल्या कितीतरी गावांतला धोका टळला असावा, असे मला वाटते.

आपल्याकडची सरकारी सवय नेमकी उलटी आहे. काही घडले की आधी गप्प बसायचे, मग इंटरनेट बंद करायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांत, हेच झाले. इंटरनेट बंद केल्याने अफवेचा वेग कमी होतो, हे खरे. पण त्याच वेळी खरी बातमी पोहोचण्याचा रस्ताही बंद होतो, आणि अफवा तोंडोतोंडी चालायला इंटरनेटची वाट पाहत नाही. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात पवित्र वचने लिहिलेली चादर जाळली अशी बातमी पसरली आणि संध्याकाळी शहराच्या जुन्या भागात हिंसाचार उसळला, रात्री संचारबंदी लागली. दुपार ते संध्याकाळ एवढाच वेळ हाताशी होता. एवढ्या वेळात मराठीत, हिंदीत आणि उर्दूत, ओळखीच्या तोंडून, नेमके काय जळले आणि काय नाही हे प्रत्येक मोहल्ल्यात सांगता आले असते तर? खात्रीने काही म्हणता येत नाही. पण तसा प्रयत्न करायची तयार व्यवस्था आपल्याकडे नाही, एवढे नक्की म्हणता येते.

वर्तमानपत्रांची अडचणही मला समजते. दंगलीच्या बातमीत समाजांची नावे घेऊ नयेत हा जुना संकेत आहे, आणि तो चांगल्या हेतूने आला. म्हणून ‘दोन गटांत’ असे छापले जाते. पण गावातल्या प्रत्येकाच्या खिशात आज मोबाईल आहे आणि त्यात नावांसकट, व्हिडिओंसकट, वाटेल ते आलेले असते. वर्तमानपत्र जे मोघम सोडते ते कोणीतरी दुसरा आपल्या सोयीने भरतो. माझे मत असे आहे, की पहिल्या दिवशी संयमाने कमी लिहावे, पण दहाव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षानंतर सविस्तर लिहावे. कोणाच्या गाडीचा पंचनामा झाला, कोणाला भरपाई मिळाली, कोण निर्दोष सुटले, कोणत्या घराने शेजाऱ्याला आसरा दिला, हे छापून आले पाहिजे. दंगलीची बातमी पहिल्या पानावर येते आणि निर्दोष सुटकेची येतच नाही, यातून एका समाजाच्या मनात कायमचा सल राहतो आणि दुसऱ्याच्या मनात कायमचा संशय.

रवांडाचे उदाहरण इथे सांगतो, कारण माध्यमाने काय बिघडते आणि काय सुधारू शकते हे दोन्ही त्यात आहे. १९९४ साली त्या देशात शंभर दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली. ‘मिल कोलिन’ नावाचे खासगी रेडिओ केंद्र तेव्हा द्वेष ओकत होते, माणसांना झुरळे म्हणत होते. त्यासाठी पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या संस्थापकांना शिक्षा दिली. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच देशात ‘मुसेकेवेया’ ही नभोनाट्यमालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावे, त्यांच्यातले जमिनीचे भांडण, नेत्याची चिथावणी, आणि तिला न जुमानणारी तरुण मुलेमुली, अशी ती गोष्ट. एलिझाबेथ लेव्ही पॅलक या अभ्यासक स्त्रीने तिचा परिणाम तपासला. ऐकणाऱ्यांची मनातली मते फारशी बदलली नव्हती. बदलला होता तो, आपल्या समाजात काय चालते आणि काय चालत नाही याविषयीचा त्यांचा अंदाज. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळल्यावर माणसे विरोधी मत उघडपणे बोलू लागली.

धाडच्या प्रश्नाची किल्ली मला या निष्कर्षात दिसते. दगड मारणारे हात कोणत्याही गावात थोडेच असतात. उरलेले घराच्या आत असतात, पडदा बाजूला सारून पाहत असतात. त्यांतला प्रत्येक जण समजतो, की आपण एकटेच याच्या विरोधात आहोत आणि आपला बाकीचा समाज त्या पोरांच्या बाजूने आहे. म्हणून तो दुसऱ्या दिवशी चौकात काही बोलत नाही. त्याचे मौन पाहून शेजारीही बोलत नाही. असे हजार जण गप्प राहतात आणि ते गाव आक्रमकांचे दिसू लागते. या गप्प माणसांना एकमेकांची ओळख करून देणे, तुमच्यासारखेच विचार करणारे पलीकडच्या गल्लीतही आहेत हे त्यांना दाखवणे, हे शांततेच्या जनसंपर्काचे पहिले काम आहे.

धारावीत हे काम दोन साध्या माणसांनी केले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर भाऊ कोरडे आणि वकार खान हे एकत्र आले. वकार खान यांचा कपड्यांचा व्यवसाय होता, कोरडे शाळेत नोकरी केलेले. त्यांनी चार लहान मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती वेशात उभे करून एक पोस्टर काढले, त्यावर ‘हम सब एक हैं’ हा मजकूर होता, आणि एक छोटी चित्रफीतही केली. ते पोस्टर पोलीस ठाण्यांपर्यंत पोहोचले. कोणाला हे भाबडे वाटेल. पण ज्या गल्ल्यांत काही महिन्यांपूर्वी प्रेते पडली होती, त्याच गल्ल्यांतल्या दोन माणसांनी ते लावले होते. त्या दोघांची मैत्री लोकांनी रोज डोळ्यांनी पाहिलेली होती. पोस्टरमागे अशी पाहिलेली मैत्री असेल, तरच भिंतीवरचा कागद काही बोलतो.

आपल्या जिल्ह्यात अशी साधने कमी नाहीत. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथली यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, संदल निघतो आणि लाखो लोक येतात. त्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. गेली काही वर्षे रमजान आणि होळी जवळजवळ आले, तरी हा मेळ चालत आला आहे. मी या यात्रेचे सरसकट गुणगान करत नाही. मनोरुग्णांना भूतबाधा समजून तिथे आणले जाते, साखळ्यांनी बांधले जाते, याला आपण २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही पुरेसा विरोध केलेला नाही. डॉक्टर आणि समुपदेशक यात्रेत बसवणे हासुद्धा जनसंपर्काचाच भाग आहे. पण एकत्र श्रद्धा ठेवण्याची, एकत्र रांगेत उभे राहण्याची सवय तिथे आहे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव याच जिल्ह्यात आहे आणि शिवरायांच्या सैन्यात कोणकोणत्या धर्माची माणसे होती हे मुलांना सांगायला आपल्यापेक्षा योग्य जागा कोणती?

सणांच्या तारखांचेच पाहा. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईसह अनेक ठिकाणच्या मुस्लीम संघटनांनी आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलला आणि शासनाने २९ सप्टेंबरला सुट्टी दिली. २०२४ मध्येही मुंबईत जुलूस असाच पुढे ढकलून १८ सप्टेंबरला निघाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये गेली अनेक वर्षे मशिदींत गणपती बसतो. या गोष्टी बातमीत दोन ओळींत येतात आणि विरून जातात. एका कमानीवरच्या चित्रावरून २००९ साली मिरजेत झालेली दंगल मात्र अजून सर्वांच्या लक्षात आहे. कुरुंदवाड मिरजेपासून फार लांब नाही. लोकांना काय आठवावे हे आपोआप ठरत नाही, कोणीतरी ते सतत सांगत असते. भांडणाची आठवण सांगणारे भरपूर आहेत.

इथे एक धोका स्पष्ट मांडतो, कारण जनसंपर्काच्या नावाने खोटेही विकले जाते. ऑक्टोबर १९९० मध्ये पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर रडत म्हणाली, की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या काचपेट्यांतून तान्ही मुले काढून जमिनीवर टाकली. युद्धाच्या बाजूने मत बनवण्यात त्या साक्षीचा मोठा वाटा होता. १९९२ मध्ये बाहेर आले, की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची कन्या होती आणि हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने ही मोहीम चालवली होती. हे कौशल्य युद्धासाठी वापरता येते, तसे ते अन्याय झाकण्यासाठीही वापरता येते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या घटनेचे खरे स्वरूप महाराष्ट्राला कळायला आठवडे लागले. तोवर गाव बाहेरून शांतच होते. अशी शांतता मला नको आहे, आणि धाडमधल्या कोणत्याही दलित, मुस्लीम किंवा हिंदू कुटुंबाने ती स्वीकारू नये.

म्हणूनच १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेविषयी माझे मन दुहेरी आहे. गावाने बसून आपले बांधाचे, वाटेचे, भावकीचे वाद मिटवावेत, कोर्टात पिढ्या घालवू नयेत, ही कल्पना उत्तम होती. अनेक गावांत तिने खरे काम केले. पण गुण आणि बक्षिसे आली, की तक्रार दडपण्याचा मोह होतो. मारहाण झालेल्या बाईला ‘गावाचे नाव जाईल’ म्हणून परत पाठवले, तर आकडा सुधारतो आणि ती बाई हरते. शांततेचे मोजमाप तक्रारी किती कमी आल्या यावर करू नये. आलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे लोकांना सांगितले का, यावर करावे.

साने गुरुजींचे काम मला या बाबतीत आदर्श वाटते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सभा घेतल्या, सेवा दलाची मुले गाणी आणि मेळे घेऊन त्यांच्याबरोबर हिंडली, हे मात्र कमी सांगितले जाते. आधी लोकांकडे गेले, लोकांची मने तयार केली, मग प्राण पणाला लावले. आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी कीर्तनातून श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तरे काढली, तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवत सर्व धर्मांच्या माणसांना एका सामुदायिक प्रार्थनेला बसवले. यांतल्या कोणीही अप्रिय सत्य लपवून सलोखा मागितला नाही.

मग धाडने काय करावे? आशा स्वयंसेविका आज प्रत्येक मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात जाते. बचत गटांच्या बायका एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. बाळंतपणाच्या वेळी धर्म न पाहता दार उघडते ते यांच्यासाठी. शांतता समितीत यांतल्या किती जणी आहेत? त्यांना बोलवा, आणि शेवटच्या रांगेत बसवू नका. स्टेटस ठेवणारी, रील बनवणारी वीस-बावीस वर्षांची पोरे बोलवा. दोन्हीकडची बोलवा. त्यांच्यातले कितीतरी पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. एका रात्रीच्या गुन्ह्यात नाव आले, की चारित्र्य पडताळणीत काय होते, हे त्यांना नेत्याने सांगू नये, त्यातून गेलेल्या मुलाने सांगावे. चिथावणी देणाऱ्यांची स्वतःची मुले त्या रात्री कुठे असतात, हाही प्रश्न त्या बैठकीत विचारला गेला पाहिजे.

काही घडलेच, तर पहिल्या तासात ठाणेदारांच्या सहीने पाच ओळींचे निवेदन निघावे. काय घडले, काय घडलेले नाही, किती जखमी, कोणता रस्ता बंद, आणि खात्री करायची तर कोणाला विचारायचे. मराठीत आणि उर्दूत. राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय ‘लोकराज्य’ उर्दूतही काढत आले आहे, तर एका गावासाठी पाच ओळी उर्दूत लिहिणे अवघड नाही. ते निवेदन मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून एकाच वेळी वाचले जावे. कोण वाचणार हे आधीच, शांत दिवसांत ठरलेले असावे. आणि महिन्यातून एकदा, सण असो वा नसो, कमिटीने एका मोहल्ल्यात बसावे, ठाण्यात नाही. विषय पाण्याचा, नालीचा, वीजबिलाचा असू द्यावा.

पण याही आधी एक काम बाकी आहे. नोव्हेंबर २०२४ च्या घटनेत किती गुन्हे नोंदले, त्यांतले किती न्यायालयात गेले, ज्यांच्या गाड्या जळाल्या त्यांच्या भरपाईचे काय झाले, ‘अज्ञात जमाव’ या नोंदीमुळे जी भीती गल्ल्यांत राहिली आहे ती कधी संपणार, याची एका पानाची माहिती ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवावी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारू द्यावेत. तपासाला बाधा येईल ते वगळावे, पण वगळले आहे हे सांगावे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय घ्यावा, अशी लेखी मागणी दोन्ही समाजांतल्या चार-पाच जणांनी एकाच कागदावर सह्या करून सरपंचांकडे आणि ठाणेदारांकडे आजच देता येईल.